दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर: १९५५ ते १९६४ या दशकातला जपान

पागोळी (धागाकर्ती)

१९५६ च्या जुलै महिन्यात जपानच्या आर्थिक नियोजन संस्थेने वार्षिक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि तिच्यातले 'आता हा युद्धोत्तर काळ राहिलेला नाही' हे विधान पाहता पाहता लोकांच्या तोंडी बसले. लोकांना त्यातून दिलासा मिळाला, पण लिहिणाऱ्यांनी तो इशारा म्हणून लिहिला होता. मोडलेले पुन्हा उभे करण्यातून जी वाढ मिळत होती ती आता संपली आहे आणि यापुढची वाढ आधुनिकीकरणावरच उभी राहील, असे त्यांचे म्हणणे होते. १९५५ साली दर शंभर कामकऱ्यांपैकी सुमारे ४१ जण शेती, मासेमारी आणि जंगलकामात होते. १९६५ साली हे प्रमाण २५ च्या आत आले. एका पिढीच्या अर्ध्याहून कमी काळात एवढे लोक जमिनीवरून उठून दुसरीकडे गेले, तेव्हा त्यांच्या घरांचे, जेवणाचे, लग्नांचे आणि शेजाराचे काय झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

या काळाविषयी लिहिताना बहुतेक जण पोलाद, जहाजबांधणी आणि निर्यातीपासून सुरुवात करतात. मला वाटते की स्वयंपाकघरापासून सुरुवात केली तर या दशकाचा उलगडा अधिक चांगला होतो.

१९५५ साली जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ओसाकाजवळच्या साकाई शहरात त्याची पहिली वसाहत लोकांना राहायला मिळाली. काँक्रीटच्या चार-पाच मजली इमारतींच्या या वसाहतींना दांची म्हणतात. त्यांतले नमुनेदार घर म्हणजे दोन खोल्या आणि जेवता येईल एवढे मोठे स्वयंपाकघर, सारे मिळून सुमारे ४० चौरस मीटर. या आराखड्यामागे बराच अभ्यास होता. निशियामा उझो या वास्तुशास्त्रज्ञाने युद्धकाळातच सामान्य लोकांच्या घरांची पाहणी करून दाखवले होते की घर कितीही लहान असले तरी लोक जेवायची जागा आणि निजायची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात. तोवर ततामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, एकाच खोलीत बुटके मेज मांडून जेवायचे आणि रात्री ते मिटून तिथेच अंथरुणे घालायची, ही सर्वसामान्य रीत होती. १९५१ साली तोक्यो विद्यापीठात सार्वजनिक घरांसाठी जो नमुना आखला गेला, त्यात स्वयंपाकघरालाच जेवणघर केले गेले. दांचीने तो नमुना देशभर नेला. भाडेकरूंकडे टेबल-खुर्च्या नसणार हे ओळखून सुरुवातीच्या काही वसाहतींत महामंडळाने टेबलही घरासोबतच दिले.

स्वयंपाकघराच्या मांडणीत हामागुची मिहो या स्थापत्यकार स्त्रीचा वाटा मोठा आहे. जुन्या घरांत स्वयंपाकाची जागा बहुधा उत्तरेच्या, थंड आणि अंधाऱ्या बाजूला असे. स्वयंपाकघर हे घरातल्या बाईला दृष्टीआड ठेवण्याचे ठिकाण असू नये, या आग्रहातून त्यांनी धुण्याचे बेसिन मध्यभागी घेतले आणि हालचालींचा हिशेब करून बाकीची रचना केली. स्टेनलेस स्टीलची बेसिने याच सुमारास यंत्रावर ठोकून काढता येऊ लागली आणि ही चकचकीत वस्तू हजारो घरांत एकदम पोहोचली.

१९५५ च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने भात शिजवण्याचा विजेचा कुकर बाजारात आणला. त्याची किंमत ३,२०० येन होती. तो घडवला मिनामी योशितादा या लहान कारखानदाराने, आणि भात नेमका किती वेळात, किती उष्णतेवर शिजतो याचे असंख्य प्रयोग त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी केले. बाहेरच्या भांड्यातले पाणी आटले की आपोआप वीज बंद होते, हे त्याचे तत्त्व. पहाटे सर्वांच्या आधी उठून चुलीपाशी बसण्याचे जे काम पिढ्यानपिढ्या सुनेच्या वाट्याला आले होते, ते या यंत्राने काढून घेतले. कपडे धुण्याचे यंत्र, फ्रीज आणि दूरचित्रवाणी संच यांना लोकांनी सम्राटाच्या तीन पवित्र राजचिन्हांचे नाव दिले, यावरून त्यांची ओढ लक्षात येते. १९५३ साली आलेल्या सान्योच्या कपडे धुण्याच्या यंत्राची किंमत २८,५०० येन होती, म्हणजे सामान्य नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार. हप्त्यांच्या खरेदीशिवाय ही यंत्रे घरोघरी गेली नसती.

दांचीमुळे कुटुंबाचा आकारही बदलला. दोन खोल्यांत सासू-सासरे मावत नव्हते. १९४७ च्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने विवाह दोघांच्या संमतीवर आणि समान हक्कांवर उभा केला होता, आणि नव्या नागरी कायद्याने घरच्या कर्त्या पुरुषाचे कायदेशीर वर्चस्व काढून टाकले होते. पण कायद्यातला हा बदल प्रत्यक्ष जगण्यात उतरायला भिंती, दार आणि कुलूप लागले. माझे प्रतिपादन असे आहे की या दशकातला सर्वांत खोल बदल वस्तूंच्या मालकीपेक्षा 'घरात कोण कोणाबरोबर राहते' या प्रश्नाच्या उत्तरात झाला, आणि त्या बदलाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापैकी बहुतेकांना दांचीचे दार कधी उघडले नाही. उत्पन्नाची अट आणि सोडत या दोन्ही चाळण्यांतून जे गेले, त्यांनाच ते घर मिळाले.

काळी_माती

लेख आवडला. दोन गोष्टी जोडतो. पहिली, या भरभराटीचे भांडवल कुठून आले हे सांगितले पाहिजे. १९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध चालू होते आणि अमेरिकी सैन्याच्या खरेदीमुळे जपानी कारखान्यांना अचानक मागणी मिळाली. शेजारच्या देशाच्या विध्वंसातून ही उभारी आली, आणि तो देश १९४५ पर्यंत जपानची वसाहत होता.

दुसरी गोष्ट जमीन सुधारणेची. युद्धानंतर जपानचा ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाच्या काळात कुळांनी कसलेली जमीन एकूण शेतजमिनीच्या सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आली. खेड्यातल्या घरात खर्चाला चार पैसे उरू लागले ते त्यामुळे, आणि कपडे धुण्याचे यंत्र विकत घेणारा ग्राहक त्यातूनच तयार झाला.

सह्यकडा

पागोळीताई, आपल्या लेखात १९६० हे साल एकदाही येत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. या दशकाच्या मधोमध जपानने युद्धोत्तर काळातले सर्वांत मोठे आंदोलन पाहिले. अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार नव्याने करण्याचा ठराव पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी १९ मे १९६० च्या रात्री, धरणे धरून बसलेल्या समाजवादी सदस्यांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढल्यानंतर, कनिष्ठ सभागृहात मंजूर करून घेतला. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या झटापटीत कान्बा मिचिको ही तोक्यो विद्यापीठाची २२ वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची जपानभेट रद्द झाली, करार मात्र टिकला आणि किशी पायउतार झाले.

त्यांच्या जागी आलेल्या इकेदा हायातो यांनी राजकारणाचा विषयच बदलला. शिमोमुरा ओसामू या अर्थशास्त्रज्ञाच्या मांडणीवर आधारलेली, दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६० मध्ये स्वीकारली, आणि उत्पन्न प्रत्यक्षात सुमारे सात वर्षांतच दुप्पट झाले. मला त्यात एक देवघेव दिसते. राज्यघटना, सैन्य आणि अमेरिका या प्रश्नांवर तुम्ही रस्त्यावर येऊ नका, आम्ही तुमच्या घरात वस्तू आणू, असा तो न लिहिलेला करार होता. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास या कराराशिवाय अपुरा राहतो.

त्याच वर्षी दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या मीइके कोळसा खाणीत हजाराहून अधिक कामगारांच्या कपातीविरुद्ध प्रदीर्घ संप झाला आणि कामगार हरले. देश कोळशाकडून स्वस्त आयात तेलाकडे वळत होता. तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्याच खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन ४५८ कामगार दगावले आणि आठशेहून अधिक जणांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली.

पागोळी

सह्यकडा, मीइकेचा उल्लेख केलात हे फार योग्य झाले. देवघेवीविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. दांची, कुकर आणि कपडे धुण्याचे यंत्र हे सर्व १९६० च्या आधीच आले होते. १० एप्रिल १९५९ रोजी युवराज अकिहितो यांचा शोदा मिचिको यांच्याशी विवाह झाला, तेव्हा मिरवणूक पाहण्यासाठी लोकांनी इतके दूरचित्रवाणी संच घेतले की वर्षभरापूर्वी दहा लाखांच्या आसपास असलेल्या परवानाधारकांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. वधू राजघराण्यातली किंवा सरदार घराण्यातली नव्हती आणि दोघांची भेट टेनिसच्या मैदानावर झाली होती, यामुळे स्वतःच्या पसंतीने लग्न करण्याच्या इच्छेला एक प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्या वर्षी हे जोडपे तोक्योच्या उपनगरातली हिबारिगाओका दांची पाहायला गेले. लोकांची ओढ आधीच होती. इकेदांनी ती ओळखली आणि तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप दिले, एवढे मी मान्य करते.

खडू_फळा

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिकवले, त्यामुळे या दशकातल्या पंधरा वर्षांच्या मुलांकडे माझे लक्ष आधी जाते. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण माध्यमिक शाळेपर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत होते. १९५५ साली त्यापुढे उच्च माध्यमिक शाळेत जाणारी मुले जेमतेम निम्मी होती. उरलेल्यांपैकी ईशान्येकडच्या खेड्यांतली हजारो मुले दर मार्च महिन्यात, शाळेचा निरोपसमारंभ झाला की, खास सोडलेल्या रेल्वेगाड्यांनी तोक्योच्या उएनो स्थानकात उतरत. शाळा आणि सरकारी रोजगार कार्यालये मिळून त्यांच्या नोकऱ्या आधीच ठरवत. शिक्षक त्यांच्यासोबत गाडीत बसून येत आणि स्थानकावर मालकांच्या हाती त्यांना सोपवून परत जात. लहान कारखाने, किराणा आणि मासळीची दुकाने, न्हाव्यांची दुकाने, मुलींसाठी सूतगिरण्या आणि पुढे ट्रान्झिस्टर रेडिओचे कारखाने, अशी ही ठिकाणे होती. मुले मालकाच्याच घरी किंवा वसतिगृहात राहत. त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत.

या नावातला हिशेबीपणा मला अस्वस्थ करतो. मालकांना मुले हवी होती, कारण ती स्वस्त होती. मोठ्या कंपन्यांची आयुष्यभराची नोकरी, निवृत्तिवेतन आणि कंपनीचे घर यांतले या मुलांच्या वाट्याला फारसे काही आले नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. या मुलांची पुढची वाटचाल कशी झाली, याविषयी धागाकर्तीने लिहावे अशी विनंती.

उंबरठा

स्वयंपाकघर उजेडात आले हे खरे आहे, पण त्याच वेळी बाईला त्या स्वयंपाकघरात कायमचे बसवण्याची व्यवस्थाही पक्की झाली, हे लेखात पुरेसे स्पष्ट झालेले नाही असे मला वाटते. अनेक कंपन्यांत लग्न होताच स्त्री कर्मचाऱ्याने राजीनामा द्यावा असा नियम होता. सुमितोमो सिमेंट कंपनीने लग्न केल्याबद्दल नोकरीवरून काढलेल्या एका कर्मचारी स्त्रीने न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर १९६६ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने असा नियम अवैध ठरवला, तोवर हे सगळे राजरोस चालू होते. १९६१ साली प्राप्तिकरात पत्नीसाठी स्वतंत्र सवलत आली आणि पगारदार नवरा व घर सांभाळणारी बायको या जोडीला सरकारी मान्यताच मिळाली. १९५५ साली इशिगाकी आयाको यांनी एका मासिकात गृहिणीपण हा दुय्यम व्यवसाय आहे अशी मांडणी केली, तेव्हा त्यावर कित्येक महिने वाद चालला. हा प्रश्न तेव्हाच्या बायकांना चांगलाच बोचत होता.

आणखी एक बाब कमी बोलली जाते. १९४७ साली जपानमधला जन्मदर हजारी ३४ होता, तो १९५७ पर्यंत १७ च्या आसपास आला. दहा वर्षांत निम्मा. मोठ्या कंपन्यांनी कामगारांच्या बायकांसाठी कुटुंबनियोजनाचे वर्ग चालवले, पण मुख्य कारण १९४८ च्या सुप्रजनन संरक्षण कायद्याने खुला केलेला गर्भपात हे होते. १९५५ साली नोंदवलेल्या गर्भपातांची संख्या ११ लाखांच्या वर होती. त्याच कायद्याने अपंग आणि मनोरुग्ण ठरवलेल्या माणसांची संमतीशिवाय नसबंदी करण्याची मुभा दिली. हा कायदा १९९६ पर्यंत टिकला आणि त्याखाली सुमारे १६,५०० लोकांवर त्यांच्या संमतीविना शस्त्रक्रिया झाल्या. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भाग घटनाबाह्य ठरवला जुलै २०२४ मध्ये. दोन मुलांच्या सुटसुटीत दांचीतल्या कुटुंबाचे चित्र मनात आणताना हा कायदाही समोर ठेवावा लागतो.

तळकोकणी

माझे गाव समुद्रकाठचे आणि घरचा व्यवसाय मासेमारीचा, त्यामुळे मिनामाताविषयी मी जरा सविस्तर लिहीन. बदलाची किंमत मोजणाऱ्या बहुतेकांना दांचीचे दार कधी उघडले नाही, या लेखातल्या शेवटच्या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा तिथे आहे.

क्यूशूच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता हे गाव आहे. तिथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना अॅसिटाल्डिहाइड बनवत असे आणि त्यासाठी पारा उत्प्रेरक म्हणून वापरत असे. अॅसिटाल्डिहाइडपासून पुढे जी रसायने होत, त्यांतले एक प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यासाठी लागे. त्या काळात घराघरांत आलेले मऊ प्लॅस्टिक, पडदे, चादरी, वायरींचे आवरण, हे सारे अशा द्रव्यांवर अवलंबून होते. म्हणजे पागोळीताईंनी वर्णन केलेल्या स्वयंपाकघराचा आणि मिनामातासमोरच्या शिरानुई समुद्रातल्या मासळीचा थेट संबंध होता.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी मेंदूच्या अज्ञात विकाराचे रुग्ण आढळल्याची खबर आरोग्य केंद्राला दिली. रुग्ण बहुतांशी कोळ्यांच्या घरांतले होते, काही अगदी लहान मुले होती. त्याआधीच गावातली मांजरे झटके येऊन मरत होती. १९५८ साली कंपनीने सांडपाण्याची वाट बदलून ते नदीच्या मुखाशी सोडले आणि रोग आणखी दूरच्या किनाऱ्यांवर पसरला. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला देऊन तोच रोग होतो हे स्वतः पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही.

३० डिसेंबर १९५९ रोजी रुग्णांच्या कुटुंबांशी कंपनीने एक करार केला. मृतामागे तीन लाख येन 'सांत्वनपर' द्यायचे, आणि पुढे रोगाचे कारण कारखानाच आहे असे सिद्ध झाले तरी आणखी भरपाई मागायची नाही, अशी त्यातली अट होती. वर्षअखेरीला, हातात काही नसताना, मासळी विकली जात नसताना त्या माणसांनी सह्या केल्या. १९७३ साली कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हा करार सार्वजनिक नीतीला धरून नसल्याचे सांगून रद्दबातल ठरवला. सरकारने चिस्सोचा पारा हेच कारण आहे असे अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे त्या पद्धतीचे उत्पादन कारखान्यानेच बंद केल्यानंतर काही महिन्यांनी. कारण समजल्यापासूनची ही नऊ वर्षे उत्पादन चालू राहिले आणि लोक तेच मासे खात राहिले. आसपासच्या गावकऱ्यांनीही रुग्णांना वाळीत टाकले, कारण कारखाना हाच गावाचा पोशिंदा होता. उत्पन्न दुप्पट करण्याची योजना आणि ही नऊ वर्षे एकाच कालखंडातली आहेत.

एदोगावा_निवासी

मी तोक्योच्या एदोगावा प्रभागात, निशिकासाईजवळ राहतो. इथे पुष्कळ भारतीय कुटुंबे आहेत आणि त्यांत मराठी घरेही बरीच आहेत. इथल्या अनेक कुटुंबांची भाड्याची घरे यूआर या संस्थेची आहेत आणि ही संस्था म्हणजे १९५५ च्या त्याच गृहनिर्माण महामंडळाची आजची वारसदार होय. खासगी घरमालक परदेशी माणसाकडे जामीनदार आणि परत न मिळणारी मोठी रक्कम मागतात. यूआर यांपैकी काहीच मागत नाही, म्हणून २००० सालानंतर आलेले संगणक अभियंते तिच्या घरांकडे वळले. पगारदार मध्यमवर्गासाठी केलेल्या त्या जुन्या व्यवस्थेचा लाभ आज आम्हाला मिळतो आहे.

मूळ वसाहतींची आजची स्थिती मात्र वेगळी आहे. मात्सुदो शहरातली तोकिवादाइरा दांची १९६० साली तरुण जोडप्यांनी भरली होती. तीच माणसे तिथेच म्हातारी झाली, मुले निघून गेली. २००१ साली तिथे एक रहिवासी मृत्यूनंतर तीन वर्षांनी सापडला, कारण भाडे बँकेतून आपोआप जात होते. त्यानंतर तिथल्या रहिवासी संघाने एकाकी मृत्यू रोखण्यासाठी शेजाऱ्यांच्या चौकशीची आणि भेटीगाठींची जी व्यवस्था उभी केली, ती देशभर अभ्यासली जाते. दार आणि कुलूप मिळाल्याने कुटुंब स्वतंत्र झाले, हे पागोळीताईंचे म्हणणे मला पटते. त्या कुलपाचा पुढचा इतिहास इथे रोज दिसतो.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. तळकोकणी यांचा प्रतिसाद मूळ लेखाला जोडूनच वाचावा, अशी वाचकांना विनंती आहे.

खडू_फळा सरांच्या विनंतीविषयी. त्या मुलांची स्थिती १९६० नंतर काही अंशी सुधारली आणि त्याचे मुख्य कारण मालकांची दया नव्हती. जन्मदर घटल्याने आणि अधिक मुले पुढे शिकू लागल्याने, १९६५ पर्यंत सुमारे ७० टक्के मुले उच्च माध्यमिक शाळेत जात होती, पंधरा वर्षांचे कामगार दुर्मीळ झाले आणि लहान कारखान्यांना पगार वाढवावे लागले. मोठ्या आणि लहान उद्योगांतल्या पगारांची दरी या वर्षांत कमी झाली. दुसरे कारण संघटनेचे आहे. १९५५ पासून निरनिराळ्या उद्योगांतल्या कामगार संघटनांनी दर वसंत ऋतूत एकत्र वेतनवाढ मागण्याची प्रथा पाडली, आणि एका उद्योगात ठरलेली वाढ इतरत्र मोजमाप म्हणून वापरली जाऊ लागली. सह्यकडा ज्याला न लिहिलेला करार म्हणतात, त्यातला कामगारांचा भाग दर वर्षी असा भांडून घ्यावा लागला होता.

जे या संघटनांच्या बाहेर होते, त्यांच्यापर्यंत हे पोहोचले नाही. ईशान्येकडचे शेतकरी हिवाळाभर तोक्योत रस्ते, भुयारी रेल्वे आणि १९६४ च्या ऑलिंपिकची बांधकामे करायला येत, आणि मागे शेती आजोबा, आजी आणि आई यांच्यावर सोपवलेली असे. तोक्योतली सान्या आणि ओसाकातली कामागासाकी या वस्त्यांतल्या रोजंदारी मजुरांचा संताप १९६० आणि १९६१ च्या ऑगस्ट महिन्यांत दंगलींच्या रूपाने बाहेर पडला. कामागासाकीत निमित्त झाले ते मोटारीने उडवलेल्या एका वृद्ध मजुराचे. पोलिसांनी तो मेला असे समजून त्याला तसेच रस्त्यावर ठेवले होते. या मजुरांचा ना वसंतातल्या वाटाघाटींत आवाज होता, ना दांचीच्या सोडतीत अर्ज. त्यांच्याविषयी स्वतंत्र धागा कोणी काढणार असेल, तर माझ्याकडची टिपणे मी आनंदाने देईन.